ग्लँड थोडी गळू द्या!

बोटीच्या शाफ्टची ग्लँड इंजिन चालू असताना थोडी ठिबकायलाच हवी, असं मागच्या वेळी मी एका ओळीत लिहून गेलो. त्यानंतर आलेल्या पत्रांपैकी निम्म्यांत एकच सवाल आहे: ‘ते सगळं ठीक, पण गळती कायमची बंद कशी करायची?’ आपल्या पुण्यात गळणं म्हणजे नामुष्की. नळ गळला की प्लंबर, गच्ची गळली की वॉटरप्रूफिंगवाला. त्याच हिशेबाने लोक ग्लँडच्या मागे पाना घेऊन लागतात.

नव्या वाचकांसाठी थोडक्यात सांगतो. इंजिन आत, पंखा बाहेर पाण्यात. दोघांना जोडणारा शाफ्ट बोटीच्या तळातून बाहेर जातो. फिरत्या शाफ्टभोवतीच्या फटीतून पाणी आत येऊ नये म्हणून एका डबीत चरबी किंवा मेण मुरवलेल्या दोरीची तीन-चार कडी बसवतात. नट कसला की कडी दाबली जातात आणि शाफ्टला बिलगतात. त्या डबीला आपण ग्लँड म्हणतो. आता पत्रं.

मुळशीच्या धरणात आमची फायबरची बोट आहे. इंजिन बंद असतानाही ग्लँडमधून सेकंदाला एक थेंब पडतो. चालेल का?

नाही. साधारण वीस थेंबांचा एक मिलिलिटर होतो. सेकंदाला एक थेंब म्हणजे दिवसाला सव्वाचार लिटर आणि महिन्याला एकशे तीस. तुम्ही महिन्यातून एकदा जाता असं लिहिलंय, म्हणजे तोवर आठ-नऊ बादल्या पाणी तळाशी साचलेलं असणार. इंजिन चालू असताना मिनिटाला चार-सहा थेंब आणि बंद असताना शून्य किंवा क्वचित एखादा, हा साध्या दोरीचा हिशेब. लॉक नट सैल करून मुख्य नट फक्त एक चपटी बाजू फिरवा, दहा मिनिटं चालवा, पुन्हा थेंब मोजा. दोन-तीनदा असं करूनही फरक पडला नाही तर दोरी संपली आहे. मग पाना खाली ठेवा आणि मेकॅनिकला बोलवा.

भिगवणला पक्षी दाखवायला आउटबोर्डची, म्हणजे मागे बाहेरून इंजिन टांगलेली बोट वापरतो. तिला कोणत्या मापाची ग्लँड दोरी लागेल?

कोणत्याच नाही. आउटबोर्डला ग्लँड नसते, खालच्या गिअरच्या पेटीत ऑइल सील असतं. गिअर ऑइल दुधाच्या चहासारखं दिसायला लागलं तर पाणी आत शिरलंय. पंखा काढून मागे बघा, शाफ्टभोवती मासेमारीची तंगूस गुंडाळलेली सापडेल. तीच सील कापते. तंगूस काढली म्हणून सील बरं होत नाही, ते बदलावंच लागतं. हे काम दुकानात करून घ्या.

कोथरूडला राहतो. मित्रांबरोबर दाभोळच्या खाडीत जुनी बोट घेतली आहे. ग्लँड गळत होती म्हणून तांडेलाने, म्हणजे बोट चालवणाऱ्याने, ती घट्ट कसली. आता एक थेंबही पडत नाही, पण डबीला हात लावला तर चटका बसतो आणि जळका वास येतो. तो म्हणतो, ‘दोरी नवीन आहे, बसेल.’ बसेल का?

दोरी बसणार नाही, बोट बसेल.

तुमच्या तांडेलाला दर्याचं माझ्यापेक्षा जास्त कळतं, हे आधी कबूल करतो. पण ही ‘बसेल’ची भाषा मी ऐकत आलोय आणि तिचे परिणामही पाहिलेत. तो थेंब म्हणजे नुसती गळती नाही. शाफ्ट आणि दोरी यांच्यामधला पाण्याचा पातळ पापुद्रा घर्षण कमी करतो आणि उष्णता बाहेर नेतो. थेंब थांबला की दोरीतली चरबी वितळून जाते, दोरी कडक होते आणि कानशीसारखी शाफ्ट घासू लागते. माझ्या टेबलावर पेपरवेट म्हणून शाफ्टचा एक तुकडा आहे. दिसायला चकचकीत, पण मधोमध नख अडकेल अशा तीन खाचा, प्रत्येक कड्याची एक. अशा शाफ्टवर जगातली सर्वांत महाग दोरी घाला, ती गळणारच. मग माणूस आणखी कसतो, खाच आणखी खोल जाते. शेवटी दोरीच्या पैशात झालं असतं ते काम शाफ्टच्या पैशात होतं.

आणि खरी भीती पुढेच आहे. तुमच्यासारख्या बऱ्याच बोटींत ग्लँडची डबी जाड रबरी होजने, शाफ्ट ज्यातून बाहेर जातो त्या मागच्या नळीला जोडलेली असते. दोरीने शाफ्टला घट्ट धरलं की डबी शाफ्टबरोबर फिरू बघते आणि होजला पीळ बसतो. होज जुना असेल तर फाटतो किंवा क्लिपमधून सुटतो. मग थेंबांचा हिशेबच राहत नाही. पाण्याखाली अर्ध्या मीटरवर २५ मिलिमीटरचं भोक पडलं तर मिनिटाला पन्नास-पंचावन्न लिटर पाणी आत येतं. तुमच्या गच्चीवरची हजार लिटरची टाकी वीस मिनिटांत भरेल. तळातला पाणी उपसायचा पंप कागदावर याहून मोठा असू शकतो, पण ते आकडे चांगल्या बॅटरीवरचे आणि पाणी उचलायची उंची न धरता काढलेले.

म्हणून आज तांडेलाला फोन करून नट सैल करायला सांगा. चालू इंजिनावर डबीला हाताची मागची बाजू लावून बघायची, फिरत्या शाफ्टपासून बोटं आणि सदऱ्याची बाही लांब ठेवून. कोमट लागली तर ठीक, हात ठेववत नसेल तर जास्त कसली आहे. होजवर भेगा आहेत का आणि दोन्ही टोकांना दोन-दोन स्टेनलेसच्या क्लिपा आहेत का, तेही बघायला सांगा. जळका वास येऊन गेलाय, त्यामुळे ही दोरी आता ठेवू नका. १ जूनपासून मासेमारी बंद झाली की बोटी वर ओढून शाकारतात, तेव्हा तुमचीही वर घ्या आणि शाफ्ट बाहेर काढून माहितगाराकडून मोजून घ्या. नारळी पौर्णिमेला खुशाल पाण्यात सोडा.

जुनी दोरी काढताना एक काळजी घ्या. फार जुन्या बोटीतली राखाडी दोरी ॲस्बेस्टॉसची असू शकते. ती सुकी खरवडू नका, फुंकर तर मुळीच मारू नका.

एका एजंटने ‘लाइफटाइम, नो मेंटेनन्स’ सील सुचवलं आहे. दोरीची कटकटच संपेल म्हणतो. घ्यावं का?

कोणाचं लाइफटाइम, ते विचारलंत का?

न ठिबकणारी सील असतात आणि चांगलीही असतात. एका प्रकारात कार्बनची चकती स्टेनलेसच्या चकतीवर घासते आणि रबरी भाता ती दाबून धरतो. दुसऱ्यात रबराच्या ओठांचं सील असतं. पण भात्याचं रबर म्हातारं होतं, त्यामुळे ठरावीक वर्षांनी ते बदला असं बनवणारेच लिहून देतात. ओठांच्या सीलला ठरावीक काळाने ग्रीस लागतं. शिवाय बोट पाण्यात सोडल्यावर सील दाबून आतली अडकलेली हवा काढावी लागते, नाहीतर ते कोरडं चालून पहिल्याच फेरीत जळतं. हे एजंटने सांगितलं नसेल. दोरी बिघडते तेव्हा थेंब वाढवून आठवडाभर आधी सांगते. भाता फाटला तर निरोप येत नाही. घ्यायचंच असेल तर माहितीपुस्तिका आधी मागा आणि तुमच्या शाफ्टला ते चालेल का, हे विकणाऱ्या माणसाला सोडून दुसऱ्या कोणाला तरी विचारा.

दर चार महिन्यांनी दोरी बदलावी लागते. दोरीच बोगस येते का?

कधीकधी येते. पण तुमच्या पत्रात ‘ठरावीक वेगाला बोट थरथरते’ असंही आहे, आणि उत्तर तिथे आहे. इंजिन आणि शाफ्ट एका रेषेत नाहीत, किंवा बाहेरचं रबरी बेअरिंग झिजलंय. शाफ्ट डोलतोय आणि दोरी बिचारी बेअरिंगचं काम करतेय. इंजिन आणि शाफ्टला जोडणाऱ्या कपलिंगचे बोल्ट सोडून दोन तबकड्यांमधली फट चारी बाजूंनी फीलर गेजने, म्हणजे पातळ पात्यांच्या मापाने, मोजायची. शंभर मिलिमीटरच्या कपलिंगला जास्तीत जास्त आणि कमीत कमी फटीत ०.१ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक नको. हे माप बोट पाण्यात एखादा दिवस राहिल्यावर घ्यायचं, कारण जमिनीवर टेकवलेल्या बोटीचा आकार किंचित बदलतो. घरी करायचं काम नाही हे.

आणि दोरी घालताना ती स्प्रिंगसारखी गुंडाळता का? प्रत्येक कडं वेगळं कापायचं आणि सांधे एकाखाली एक येऊ द्यायचे नाहीत. जुन्यावर नवी कडी कोंबायची नाहीत. डबीचा आतला व्यास वजा शाफ्टचा व्यास, भागिले दोन, हे दोरीचं माप. डबी ४१ आणि शाफ्ट २५ असेल तर ८ मिलिमीटरची दोरी.

तळात पाणी साचतं, पण ते ग्लँडमधूनच येतं हे कसं ओळखावं?

तळ कोरडा पुसा, ग्लँडखाली आणि आजूबाजूला रांगोळी भुरभुरा आणि तासाभराने बघा. ओघळ कुठून सुरू झालाय ते रांगोळी दाखवते. खाडीत असाल तर बोटाने चव बघा: खारं असेल तर बाहेरचं, गोडं असेल तर पावसाचं किंवा टाकीचं. पानशेतवाल्यांना मात्र ही युक्ती उपयोगाची नाही.

सिंहगड रोडवरच्या आमच्या सोसायटीच्या पंपाची ग्लँडही ठिबकते. तोच नियम का?

तोच, फक्त दोरीवाल्या पंपाला मिनिटाला चाळीस ते साठ थेंबही चालतात. पंपाला मेकॅनिकल सील (दोरीऐवजी एकमेकींवर घासणाऱ्या चकत्या) असेल तर मात्र गळता कामा नये. कोणतं आहे ते पंपवाल्याला विचारा, वॉचमनला नको.

मुलाच्या रिमोटच्या बोटीत शाफ्टच्या नळीतून पाणी येतं.

नळीत पाण्याने न धुपणारं ग्रीस भरा.

पवना धरणातल्या बोटीची ग्लँड दोन पावसाळे गळते आहे. बाहेरून एम-सील लावून पाहिलं, पण टिकलं नाही. रोज सकाळी गडी पाणी उपसतो. या सीझननंतर काम काढू म्हणतो. तोवर काही उपाय?

फिरणाऱ्या शाफ्टवर एम-सील टिकेल, असं तुम्हाला कोणी सांगितलं? त्या एम-सीलचे तुकडे आता डबीत गेलेले असतील आणि पावसाळ्यातल्या गढूळ पाण्याची रेती आधीपासून आहेच. गडी एक दिवस गावाला गेला तर काय, याचा विचार करा. आणि या बोटीत तुम्ही पर्यटक बसवता, हे पत्राच्या शेवटी सहज लिहिलंय. तुम्हाला मी फोनवर आधीच सांगितलंय, इथे देतोय ते इतरांसाठी. तोवरचा उपाय नाही. बोट काठावर ओढा, बोटी तपासणाऱ्या सर्व्हेअरला दाखवा, आणि त्याने हो म्हणेपर्यंत तिकिटं फाडू नका.