त्रिनिदाद-टोबॅगोला फिरायला गेल्यावर खायचं कुठे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: फेब्रुवारीत दोघं त्रिनिदाद-टोबॅगोला चालला आहात, तुम्ही शाकाहारी (अंडंही नाही), नवरा सगळं खातो, आणि हॉटेलच्या बुफेत अडकायचं नाही.

काळजी सोडा. शाकाहारी माणसाची त्रिनिदादमध्ये होते तेवढी चंगळ कॅरिबियनमध्ये क्वचितच कुठे होत असेल. फक्त ती रस्त्यावर होते, झुंबरं टांगलेल्या रेस्टॉरंटात नाही. मी त्रिनिदादमधल्या पॉइंट लिसासला नोकरीला होतो, त्या भरवशावर सांगतो.

याचं कारण इतिहासात आहे. ३० मे १८४५ ला 'फतेल रझाक' जहाजातून पहिले गिरमिटिये, म्हणजे करारावर नेलेले भारतीय मजूर, तिथे उतरले आणि १९१७ पर्यंत येत राहिले. बहुतेक जण आजच्या पूर्व उत्तर प्रदेश-बिहारकडचे. त्यामुळे तिथलं 'इंडियन' जेवण म्हणजे बटर चिकन आणि नान नव्हे. ते हवं असेल तर राजधानी पोर्ट ऑफ स्पेनमध्ये तशीही हॉटेलं आहेत, पण त्यासाठी एवढा विमानप्रवास कशाला?

दिवसाची सुरुवात डबल्सने करा. हळद घातलेल्या मैद्याचे दोन मऊ, तळलेले 'बारा' आणि त्यावर पातळसर छोले, बस्स. गाडीवरचा माणूस बटर पेपरवर दोन बारे एकमेकांवर अर्धे चढवून टाकतो, वर छोल्यांचा चमचा, चिंचेची चटणी, काकडी, शाडो बेनीची हिरवी चटणी, आणि कागदाला पीळ देऊन हातात ठेवतो. शाडो बेनी म्हणजे लांबट, काटेरी कडांची पानं. वास कोथिंबिरीचाच, पण कितीतरी उग्र. रांग नसते, सगळे गाडीभोवती कोंडाळं करून उभे असतात आणि कुणी किती खाल्ले हे त्या माणसाच्या बरोबर लक्षात असतं. पैसे शेवटी द्यायचे, रोख. एकाला साधारण एक अमेरिकन डॉलर पडतो. तो विचारेल, 'पेपर?' म्हणजे तिखट घालू का, तेव्हा निमूटपणे 'स्लाइट', म्हणजे अगदी थोडं, म्हणा. आपण तिखट खातो ही घमेंड मुंबई विमानतळावर ठेवून जा. ज्या मोरुगा स्कॉर्पियन मिरचीला २०१२ मध्ये जगातली सगळ्यात तिखट ठरवलं होतं, ती याच बेटाची. डबल्स सकाळी किंवा रात्री; भर दुपारी बऱ्याच गाड्या गायब असतात. क्युरेप गावाच्या चौकात मात्र उशिरापर्यंत काही ना काही मिळतंच.

सकाळी डबल्स नको असतील तर रोटीच्या दुकानात साडा रोटी आणि चोखा मागा. बैगन चोखा म्हणजे आपलं भरीतच, वर लसणाची गरम फोडणी. टोमॅटोचा चोखा मला त्याहून आवडतो. पण लवकर जा, नऊनंतर बहुधा भांड्याचा तळच दिसतो.

दुपारी रोटी. इथे दोन प्रकार लक्षात ठेवा. धालपुरी ही पुरणपोळीची तिखटमिठाची बहीण: आत वाटलेली डाळ आणि जिरं, आणि त्यातच भाजी गुंडाळून देतात. दुसरी 'बस अप शट', तव्यावरच लाकडी उलथन्यांनी झोडपून चिंध्या केलेला पराठा, सोबत भाज्या वेगळ्या. तुम्ही भोपळा, बोडी (आपली चवळीच्या शेंगांची भाजी), चना-आलू आणि करी मँगो घ्या. करी मँगो अजिबात सोडू नका. कैरीच्या सालीसकट फोडी मसाल्यात शिजवलेल्या, आंबटगोड, कोय चोखत खायच्या. नवऱ्याने बदक किंवा बोकड घ्यावं, हाडं असतात हे धरून. सोबत लाल सोलो, म्हणजे तिथलं 'कोला शॅम्पेन' नावाचं शीतपेय, दारू नव्हे. मटणाचाच चमचा भाजीत गेलेला चालत नसेल तर आधी बोला, कुणी वाईट वाटून घेत नाही.

एक दिवस गाडी करून दक्षिणेला सॅन फर्नांडोजवळच्या डेबेला जा. दुपारनंतर रस्त्याकडेच्या दुकानांत फुलोरी, कचोरी, बैगनी, आलू पाय आणि सहीना तळत असतात. सहीना अळूच्या जातीच्याच डशीनच्या पानांची, त्यामुळे अळूवडीवर वाढलेल्या माणसाला ओळख करून द्यावी लागत नाही. गरम असेल तेच घ्या, काचेमागे पडलेलं नको.

आता फसवणाऱ्या गोष्टी. कलालू हिरवीगार पालेभाजी दिसते, पण त्यात बऱ्याचदा खेकडा किंवा डुकराची खारवलेली शेपटी असते. मॅकरोनी पायमध्ये अंडं असतं. पेलाव म्हणजे बहुतेक वेळा कोंबडीचाच भात. नुसतं 'व्हेजिटेरियन' म्हणून भागत नाही. मांस, मासे, अंडं असं एकेक नाव घेऊन विचारा. 'आयटल' अशी पाटी दिसली तर शिरा, ते रास्ताफारी पंथाच्या लोकांचं, बहुधा शाकाहारी जेवण; मासा नाही ना, तेवढं विचारा.

माराकसच्या किनाऱ्यावरच्या बेक अँड शार्कबद्दल नवरा ऐकून असेलच. तळलेल्या फुगीर पावात तळलेला मासा, आणि चटण्या, कोबी, अननस आपल्या हाताने भरायचे. जरूर खावा, पण शार्क घेऊ नये असं माझं मत. शार्कची संख्या झपाट्याने घटते आहे आणि त्या मांसात पाराही जास्त असतो. त्याच बेकमध्ये किंगफिश मागितला तर चवीत काडीचंही कमी होत नाही. तुम्हाला मात्र तिथे बेक आणि चटण्यांवरच भागवावं लागेल, डबल्स खाऊन निघा.

टोबॅगोत उलटं आहे, तिथे मजा नवऱ्याची. विमानतळापासून चालत जाता येईल अशा स्टोअर बेवर बायकांनी चालवलेल्या टपऱ्यांची ओळ आहे, तिथे करी क्रॅब अँड डम्पलिंग. नारळाच्या दुधातला रस्सा आणि मैद्याचे जाड चपटे गोळे. कोपरापर्यंत हात बरबटतात, पांढरा शर्ट घालू नये. तुम्ही डाळ आणि प्रोव्हिजन, म्हणजे उकडलेले कंद आणि कच्ची केळी मागा. पोट भरतं, एवढंच म्हणेन.

मोठ्या रेस्टॉरंटात बसलात तर मेन्यूवरच्या दरात १२.५ टक्के व्हॅट आणि १० टक्के सर्व्हिस चार्ज धरलेला आहे का ते बघा. रात्री पोर्ट ऑफ स्पेनमधल्या ॲरियापिटा ॲव्हेन्यू किंवा सेंट जेम्सला खायला जाताना हॉटेलकडूनच टॅक्सी मागवा, पायी भटकू नका. आणि तिकीट काढण्याआधी कार्निव्हलच्या तारखा बघा. ॲश वेन्सडे या ख्रिस्ती उपवासकाळाच्या पहिल्या बुधवारच्या आधीच्या सोमवार-मंगळवारी सगळं शहर रस्त्यावर नाचत असतं, आणि तुमचं आवडतं रोटीचं दुकान बहुधा बंद.