सिलचे पोपडे आणि थंडीतलं दहिवर

प्रश्न : आमचं घर साताऱ्यात, बोगद्याच्या अलीकडे, अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी. बांधकाम १९९४ चं. भिंतींचा रंग शाबूत आहे, पण खिडक्यांखालच्या काँक्रीटच्या सिलवरचा रंग दर दोन वर्षांनी पापडासारखा सुटतो. उत्तरेकडच्या दोन सिलना शेवाळ धरलंय, एकीच्या पोटातून गंजाचा ओघळ येतो. फेब्रुवारीअखेर मुलाचं लग्न आहे. एक पेंटर म्हणतो, थंडीत रंग धरत नाही, थेट मार्चमध्ये करू. दुसरा म्हणतो, दोन दिवसांत पुट्टी ओढून चकाचक करतो. कुणाचं ऐकू? (एक निवृत्त शिक्षिका, सातारा)

उत्तर : बाई, पहिल्याचं अर्धं ऐका, दुसऱ्याला चहा पाजून परत पाठवा.

साताऱ्याची थंडी रात्रीची. दुपारी स्वेटर काढून ठेवावा लागतो. बाहेरच्या इमल्शनला साधारण १० अंशांच्या वर ऊब लागते, ती दिवसा आपल्याकडे मिळतेच. या रंगात प्लॅस्टिकचे बारीक कण पाण्यात तरंगत असतात. पाणी उडालं की ते एकमेकांना चिकटून त्यांची साय धरते. गारठ्यात ती धरत नाही, रंग वाळल्यासारखा दिसतो आणि बोटाला पिठासारखा लागतो. पण आपल्याकडे थंडीपेक्षा दहिवर जास्त घात करतं. सिल आडवी, आभाळाकडे तोंड करून पडलेली. रात्री ती हवेपेक्षाही गार होते आणि दव आधी तिच्यावर जमतं.

हे मी पाचगणीत शिकलो, स्वतःच्या खर्चानं. एका बंगल्याच्या अकरा सिल जानेवारीत दुपारी चार वाजता रंगवल्या. घाई माझीच होती, शेवटची एसटी गाठायची होती. सकाळी जाऊन पाहतो तर पांढऱ्या रंगाचे ओघळ खालच्या जांभ्याच्या दगडावर उतरलेले. सिल पुन्हा रंगवल्या ते सोडा, तो दगड घासण्यात दोन दिवस गेले. तेव्हापासून थंडीत माझा ब्रश अकराच्या आधी डब्यात जात नाही आणि दोननंतर बाहेर राहत नाही.

आता तुमचे पोपडे. ते वरच्या पाण्यापेक्षा आतल्या पाण्याने सुटतात. सिलवर तांब्याभर पाणी ओता आणि बघत बसा. पाणी चौकटीकडे सरकलं किंवा जागीच थांबलं, तर ढाळ चुकलाय. मग खाली वाकून सिलच्या पोटाला हात लावा. बाहेरच्या कडेपासून इंचभर आत लांब खाच हवी. ती नसेल तर पाणी पोटाला चिकटून भिंतीपर्यंत जातं. ग्राइंडरने ती पाडायला गवंड्याला एका सिलमागे पंधरा मिनिटं लागतात; रंगाच्या डब्यापेक्षा ही खाच तुमचे जास्त पैसे वाचवेल.

सुटा रंग पत्तीने आणि तारेच्या ब्रशने पार काँक्रीटपर्यंत काढा. चौकटीचा जुना ऑइल पेंट मात्र कोरडा घासू नका, पाणी मारून घासा आणि तोंडाला मास्क बांधा. जुन्या रंगात विषारी शिसं असू शकतं; घरगुती रंगातल्या शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाली. तुमची चौकट त्याच्या कितीतरी आधीची. शेवाळावर ब्लीचिंग पावडरचं पाणी अर्धा तास ठेवून स्वच्छ धुवा.

गंजाचा ओघळ म्हणजे आतली सळई फुगून काँक्रीट ढकलतेय. वरून रंग मारणं म्हणजे गळूला पावडर लावणं. तिथलं पोकळ काँक्रीट फोडा, सळई चकचकीत होईपर्यंत घासा, गंजरोधक लावा आणि पॉलिमर मिसळलेल्या मॉर्टरने भरा. साधा सिमेंट-वाळूचा माल वापरला तर रंगाआधी २८ दिवस थांबावं लागतं. म्हणून हे काम याच आठवड्यात काढा. घरातल्या भिंतीची पुट्टी बाहेर बिलकूल नको, ती पाणी पिते. चौकटीलगतची फट बाहेरच्या सीलंटने बुजवा.

मग सुकू द्या. किती दिवस ते सिलच सांगेल : हातभर प्लॅस्टिकचा कागद चारी बाजूंनी चिकटपट्टीने बंद करून रात्रभर ठेवा. सकाळी कागदाच्या आतल्या बाजूला थेंब दिसले तर अजून थांबा. उत्तरेच्या खिडक्यांना हिवाळ्यात ऊन लागतच नाही, तिथे आठवडा जास्त धरा.

बाहेरचा प्रायमर एक हात, इमल्शन दोन हात. डब्यावर चार तासांनी दुसरा हात मारा असं लिहिलेलं असतं. थंडीत तो दुसऱ्या दिवशी मारा. सिलच्या पोटालाही रंग लागला पाहिजे. पेंटर ते हमखास विसरतात, मीही विसरायचो.

प्रश्न : घरात ऑइल पेंटचा अर्धा डबा उरलाय. तोच सिलला लावला तर? (एक वाचक, वाई)

उत्तर : नको. सिमेंटमधला चुना तेलाचा साबण करतो, विशेषतः ओल असेल तर. रंग चिकट होऊन सोलला जातो. डबा ढवळून बघा, चांगला असेल तर ग्रिलला वापरा.