साताऱ्यात राहून नकाशा व होकायंत्राने वाट काढायला कसे शिकावे?

आधी नकाशा वाचायला शिकावे. होकायंत्राची घाई नको. भारतीय सर्वेक्षण विभागाचा १:५०,००० प्रमाणाचा नकाशा घेऊन यवतेश्वरच्या पठारावर जावे आणि समोच्च रेषा (समान उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या रेषा) जिथे एकमेकींना चिकटल्या आहेत, तिथे समोर खरोखर कडा आहे का, हे पडताळावे. मग अजिंक्यतारा व सज्जनगड यांचे दिशाकोन, म्हणजे उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेने होणारे कोन, होकायंत्राने मोजून, प्रत्येकात १८० अंश मिळवून किंवा वजा करून, नकाशावर त्या त्या गडापासून रेघ ओढावी. रेघा छेदतात तिथेच आपण उभे असतो. चुंबकीय आणि खऱ्या उत्तरेतला फरक आपल्याकडे इतका किरकोळ आहे की शिकताना तो सोडला तरी चालतो. मोबाइल मात्र होकायंत्राजवळ धरू नये, आणि पहिला सराव पावसाळी धुक्यात करू नये. गडच दिसला नाही तर मोजणार काय?