"बी बाबांचं, मग आई नुसती माती का?"

बाळ कसं होतं असं मुलांनी विचारलं की काय सांगायचं, ही काळजी मुलांची समुपदेशक म्हणून मी इतक्या आईबाबांकडून ऐकलीये की फोनवर कोणी "मॅडम, जरा अवघड विषय आहे" म्हणालं की पुढचं मला कळतंच. कुणाला वाटतं आपण फार लवकर सांगतोय, कुणाला वाटतं उशीर झाला, आणि बहुतेक जण माझ्याकडे येईपर्यंत काहीतरी सांगून मोकळे झालेले असतात. हॉस्पिटलमधून आणलं, आभाळातून आलं, नाहीतर मग "बाबांनी आईच्या पोटात बी पेरलं". हे शेवटचं उत्तर जरा शास्त्रीय वाटतं म्हणून शिकलेले आईबाबा हमखास तेच देतात, आणि त्याच उत्तरातून झालेला गुंता सोडवत मी सगळ्यात जास्त वेळा बसलेय. त्यातलीच एक केस सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत आणि बऱ्याच भेटींमधलं बोलणं थोडक्यात आणलंय.

मुलीला आपण अन्वी म्हणू. वय आठ, एकुलती एक, आणि आई पाच महिन्यांची गरोदर. तक्रार होती जेवणाची. आधी बिया असलेली फळं बंद झाली, मग सगळीच फळं, मग बाबांनी दिलेलं काहीच नको. रात्री पोट दुखतं म्हणून रडायची. बालरोगतज्ज्ञांनी तपासलं होतं, काही निघालं नव्हतं. "भावंडं येणार म्हणून जेलस झालीये का हो ती?" आईने विचारलं.

असू शकतं, पण मी तिथून सुरुवात करत नाही. मूल जेव्हा अचानक एका मोठ्या माणसाला टाळायला लागतं तेव्हा आधी त्याची सुरक्षितता बघायची असते, मग ते माणूस कितीही जवळचं असो आणि आईबाबांना कितीही अवघडल्यासारखं होवो. मी अन्वीशी एकटीशी बोलले, घाई न करता, एकापेक्षा जास्त वेळा. तसं काही नव्हतं. बाबा तिला आवडत होते. भीती बाबांची नव्हतीच, बाबांच्या हातातून काय पोटात जाईल याची होती.

माझा पिंड झाँ पियाजे या बालमानसशास्त्रज्ञांच्या विचारावर पोसलेला आहे. मूल म्हणजे अर्धवट माहिती असलेलं मोठं माणूस नव्हे, मिळालेल्या तुकड्यांमधून ते स्वतःचं एक पूर्ण जग रचत असतं आणि त्या जगाच्या नियमांनी अगदी बरोबर वागत असतं. म्हणून मी वागणं बदलायला जात नाही, आधी ते जग बघायला मागते. तिला म्हटलं, आईच्या आत आत्ता काय काय आहे ते मला काढून दाखव.

तिने एक मोठा गोल काढला. तळाशी जेवण, जेवणाच्या मधोमध बाळ, आणि बाळाच्या पायांना मुळं.

"ही मुळं कसली गं?"

"बी आहे ना ते. बाबांनी पेरलेलं."

"आणि बाबांनी तुला खायला दिलं की?"

"मावशी, माझ्या पण पोटात उगवेल ना."

बघा, किती सरळ हिशोब आहे. बी पोटात गेलं की उगवतं, बाबांकडे बी असतं, आणि जेवण तर पोटातच जातं. तिच्या माहितीत हे सगळं जुळत होतं, तिला वेडगळ भीती वगैरे काही नव्हती.

मी दोन गोष्टी तिथल्या तिथे सांगितल्या. जेवण जातं त्या पिशवीला जठर म्हणतात आणि बाळ वाढतं ती पिशवी वेगळी, तिचं नाव गर्भाशय, दोन्हीच्या मध्ये रस्ता नाही. आणि खाल्लेलं बी पोटात उगवत नाही, कितीतरी झाडांच्या बिया तर पक्ष्यांच्या पोटातून जशाच्या तशा बाहेर पडतात आणि मग मातीत रुजतात. तिला पटलं. त्या आठवड्यात फळं खायला लागली. आई खूश झाली, म्हणाली झालं मॅडम, सुटली पोर.

मला मात्र वाटत होतं की अजून काहीतरी अडकलंय, कारण चित्र काढताना ती आईकडे बघतच नव्हती. पुढच्या भेटीत आई बाजूलाच बसली होती आणि अन्वी अचानक, रंगाचा खडू हातात धरून, माझ्याकडे बघत म्हणाली, "बी बाबांचं. मग आई नुसती माती का?" आणि थोडं थांबून, "म्हणजे मी आईची नाहीये ना?"

आईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. मला या कामात बरीच वर्षं झालीयेत, पण त्या एका प्रश्नाने मला जे दाखवलं ते कुठल्या ट्रेनिंगमध्ये मिळालं नव्हतं. आपण समजतो मूल "ते" विचारतंय, मोठ्यांचं, लाजेचं काहीतरी, आणि आपण ते लपवायच्या गडबडीत असतो. मूल विचारत असतं की मी कोणाचा, माझ्यात कोण किती आहे.

आणि याचं उत्तर "बी आणि माती" या गोष्टीत चुकीचंच मिळतं. हे मी मत म्हणून सांगत नाहीये, जीवशास्त्रातच ते चूक आहे. पुढच्या वेळी मी घेवड्याच्या भिजवलेल्या बिया ठेवल्या होत्या. अन्वीने साल काढलं, दोन डाळिंब्या अलगद वेगळ्या केल्या आणि आत चिकटलेलं इवलंसं रोप बघून ओरडलीच, "हे तर आधीच झाड आहे!"

तेच तर. बी म्हणजे बाबा नव्हेत, बी म्हणजे झालेलं बाळ, सोबत शिदोरी बांधून दिलेलं. त्याच्या आधी फुलात गोष्ट घडून गेलेली असते. परागकण कुक्षीवर, म्हणजे फुलातल्या मादी भागाच्या टोकावर पडतो, त्याला बारीक नळी फुटते, ती नळी आत वाढत वाढत बीजांडापर्यंत जाते, तिच्यातून नर पेशी जाऊन आतल्या अंडपेशीला मिळते. दोन्ही मिळाल्यावरच बीजांडाचं बी होतं आणि भोवतीच्या अंडाशयाचं फळ. म्हणजे नराकडून येतो तो परागकण, आणि मादीकडे माती नसते, तिची स्वतःची पेशी असते. माती त्यानंतर खूप उशिरा येते.

माणसातही हेच. आईची अंडपेशी, बाबांची शुक्रपेशी. दोघींमध्ये 23-23 गुणसूत्रं, मिळून 46. अंडपेशी जवळजवळ 0.1 मिलिमीटरची, शुक्रपेशीपेक्षा कितीतरी मोठी, म्हणजे सुरुवातीचं बहुतेक सगळं सामानसुमान तर आईकडूनच येतं. यातली एक गोष्ट मी मुद्दाम राखून ठेवते. मुलगी जन्माला येते तेव्हाच तिच्या अंडाशयांत लाखो अपक्व अंडपेशी असतात. म्हणजे अन्वी ज्या अंडपेशीपासून झाली ती, आई आजीच्या पोटात असतानाच तयार व्हायला लागली होती.

"म्हणजे मी आजीच्या पण पोटात होते?"

"तुझी अर्धी सुरुवात होती."

ती उठून आईच्या मांडीवर जाऊन बसली. त्या दिवशी अजून काही बोलायची गरज नव्हती, मी बोललेही नाही.

एका आठ वर्षांच्या मुलीने जे पकडलं ते मोठमोठ्या लोकांना शतकानुशतकं पकडता आलं नव्हतं, म्हणून आईबाबांनी स्वतःला फार दोष देऊ नये. सूक्ष्मदर्शकातून शुक्रपेशी 1677 मध्ये दिसल्या, आणि पुढे 1694 मध्ये हार्टसूकर यांनी शुक्रपेशीच्या डोक्यात गुडघे पोटाशी घेऊन बसलेला छोटा माणूस चित्रात काढून दाखवला. आई म्हणजे फक्त जागा, असं मानणारे तेव्हा खूप होते. सस्तन प्राण्यांची अंडपेशी फोन बेअर यांना सापडली 1827 मध्ये, आणि दोन्ही पेशींची केंद्रकं एकत्र येताना हर्टविग यांनी समुद्री अर्चिन या काटेरी प्राण्याच्या अंड्यात पाहिली ती 1876 मध्ये. आपण घरात मुलांना जे सांगतो ते बरेचदा त्याच्याही आधीचं असतं, आणि मुलगी असेल तर ती त्यातून स्वतःबद्दलही शिकते की आपण पुढे माती होणार.

आता सगळ्या आईबाबांचं खरं टेन्शन. अन्वीनेही विचारलंच, "पण बाबांची पेशी आईकडे जाते कशी?" आईने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, तुम्ही सांगा, मी आहे. आम्ही आधी तयारी केली होती आणि बाबांनाही बोलावलं होतं, कारण हे काम एकट्या आईवर टाकलं की मुलांना वाटतं बाबांनी यात काहीतरी वाईट केलंय.

माझा अनुभव असा आहे की "कसं" हा प्रश्न अडचणीपासून सुरू केला की लाज आपोआप मागे पडते. अडचण काय? दोन पेशी, दोन वेगळ्या शरीरांत, भेटवायच्या कशा. अमीबाला ही अडचणच नाही, तो आपला दोन तुकडे होतो. हायड्राला अंगावर कोंब फुटतो, पानफुटीच्या पानाच्या कडेला नवी रोपं येतात, एकटंच पुरतं. पण एकट्याने झालेलं पिल्लू बहुतेक त्याच्यासारखंच निघतं, दोघांचं मिळून झालेलं मात्र दोघांपेक्षा वेगळं, नवीन. म्हणून भेटवायचं. झाडाला चालता येत नाही म्हणून वारा नाहीतर किडे. बरेचसे मासे आणि बेडूक पाण्यात राहतात, मादी अंडी सोडते, नर त्यावर शुक्रपेशी सोडतो, भेट बाहेरच. जमिनीवर तसं केलं तर पेशी सुकून जातील, म्हणून पक्षी, मांजर, माणूस यांच्यात भेट मादीच्या शरीराच्या आत होते.

इथवर आल्यावर आई स्वतःच म्हणाली, अगदी नेहमीच्या आवाजात, "मोठी माणसं, दोघांचीही इच्छा असेल तेव्हा, खूप जवळ येतात. तेव्हा बाबांचं शिश्न आईच्या योनीत जातं आणि तिथून शुक्रपेशी आत पोहत जातात. एक अंडपेशीला मिळाली की बाळाची सुरुवात होते. हे फक्त मोठ्यांचं असतं, लहान मुलांशी असं कोणीही करायचं नसतं."

अन्वी म्हणाली, "ई." मग लगेच, "आत बाळ श्वास कसा घेतं?" आणि बाबांनी नाळ आणि वार समजावून सांगितली, ऑक्सिजन आईच्या रक्तातून येतो वगैरे. ज्या वाक्याची त्या दोघांनी एवढी धास्ती घेतली होती ते मुलीने एका "ई"मध्ये संपवलं. बहुतेक मुलं असंच करतात.

विचारलंय तेवढंच सांगा, पण खरं सांगा, असं मी नेहमी म्हणते. तीन-चार वर्षांच्या मुलाला "आईच्या आत गर्भाशय नावाची जागा असते, तिथे वाढतं" एवढं पुष्कळ होतं, पुढचं विचारलं नाही तर थांबा. उत्तर द्यायच्या आधी "तुला काय वाटतं?" असं विचारायची सवय लावा, मूल काय रचून बसलंय ते त्यातूनच कळतं, नाहीतर तुम्ही भलत्याच प्रश्नाचं उत्तर देत बसाल. अवयवांची नावं नीट शिकवा, टोपणनावं नकोत, कारण कोणी नको तिथे हात लावला तर सांगायला मुलाकडे शब्द हवेत. मुलगा झाला नाही म्हणून बाईला बोल लावणं घरात ऐकू येत असेल तर मुलांसमोर स्पष्ट सांगा की आईकडून नेहमी एक्स गुणसूत्रच येतं, एक्स (मुलगी) की वाय (मुलगा) हे बाबांच्या शुक्रपेशीवर ठरतं. मूल दत्तक असेल किंवा आयव्हीएफने, म्हणजे पेशी शरीराबाहेर भेटवून झालं असेल तर तेही त्याला लहानपणापासून घरातूनच कळू द्या, पेशी कुठे भेटल्या आणि वाढवलं कोणी या दोन वेगळ्या गोष्टी मुलांना आपल्या अंदाजापेक्षा फार लवकर समजतात.

आणि बी पेरल्याची गोष्ट आधीच सांगून झाली असेल तर ती तशीच ठेवू नका. "तेव्हा तू लहान होतास म्हणून सोपं करून सांगितलं होतं, आता नीट सांगते" एवढ्याने काम होतं. मूल विचारतच नसेल तरी मुलींच्या बाबतीत आठव्या-नवव्या वर्षी आपणहून विषय काढा, कारण पाळी काहींना नवव्या-दहाव्या वर्षीही येते, मुलांशीही दहाच्या आत बोलून घ्या. खाणं बंद होणं, झोप उडणं, एखाद्या माणसाला टाळणं असं काही आठवडे चाललं तर मात्र घरी अंदाज बांधत बसू नका, आधी डॉक्टरांना दाखवा आणि मग मुलाला एखाद्या समुपदेशकाशी एकट्याने बोलू द्या.