जेन्नरने त्या पोराला विचारलं होतं का?

प्रश्न: मी दहावीला विज्ञान शिकवते. परवा देवीच्या रोगावरची लस काढणाऱ्या जेन्नरची गोष्ट सांगत होते तर मागच्या बेंचवरचा एक पोरगा म्हणाला, "मॅडम, त्याने त्या मुलाला विचारलं होतं का?" सगळे हसले, मीही पोर्शन राहिलाय म्हणून पुढे गेले, पण ते डोक्यातून जाईना. अशा विषयावर वर्गात बोलावं का? पालक म्हणतात आधी मार्कांचं बघा.
– एक शिक्षिका, सातारा जिल्हा

उत्तर: मॅडम, अख्ख्या तासातला सगळ्यात भारी प्रश्न मागच्या बेंचवरून आला आणि तुम्ही तो पोर्शनखाली गाडला! असो, आम्हीही शिकवायचो तेव्हा हेच करायचो. उद्या आधी त्याला सांगा की प्रश्न बरोबर होता, मग गोष्ट पूर्ण सांगा. १४ मे १७९६, जेम्स फिप्स, वय ८, जेन्नरच्या माळ्याचा मुलगा, गवळणीच्या हातावरच्या गोदेवीच्या, म्हणजे गाईंना होणाऱ्या देवीच्या फोडातला पू त्याला टोचला, हे सगळ्यांना माहीत असतं. पण जुलैमध्ये त्याच पोराला खऱ्या देवीचा पू टोचला, लागण होते का बघायला, हे आपण घाईत सांगून टाकतो. झाली नाही म्हणून तो धडा आहे. झाली असती तर? एवढं फळ्यावर लिहा आणि खडू खाली ठेवा.

पोरं लगेच जेन्नरला व्हिलन करतील. तेव्हा सांगा की देवीपासून वाचायला खऱ्या देवीचाच थोडा पू टोचायची पद्धत तेव्हा इंग्लंडात चालूच होती, खुद्द जेन्नरला लहानपणी तसं टोचलं होतं, आणि १९८० मध्ये देवी जगातून गेल्याचं जाहीर झालं ते याच लसीच्या जोरावर. आता बोला म्हणावं. फक्त हात वर करून मतदान घेऊ नका, घेतलं की हुशार पोराकडे बघून सगळे हात वर करतात.

वेळ उरला तर हेन्रिएटा लॅक्सची गोष्ट घ्या. १९५१, अमेरिकेत बाल्टिमोरचं जॉन्स हॉपकिन्स हॉस्पिटल, गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर, तिच्या गाठीतल्या पेशी तिला न विचारता घेतल्या, ती त्याच वर्षी ३१ व्या वर्षी गेली आणि पेशी मात्र आजही जगभरच्या लॅबमध्ये वाढतायत, हेला नावाने. पोलिओची लस तपासायला त्याच वापरल्या. घरच्यांना पत्ता लागला वीसेक वर्षांनी! इथे कुणीतरी विचारतंच, "मग पैसे कोणाला मिळाले?" विचारू द्या, तो पण नीतीचाच प्रश्न आहे.

मार्कांचं म्हणाल तर ही गोष्ट ऐकलेला मुलगा लस म्हणजे काय हे पाठ न करता लिहितो, असा आमचा तरी अनुभव आहे. आणि एक घरचा अभ्यास द्या, आजी-आजोबांच्या मोतीबिंदूच्या वगैरे ऑपरेशनला संमतीच्या कागदावर सही कोणी केली आणि केली त्याने तो वाचला होता का, एवढंच विचारून यायचं. उत्तरं ऐकून तुम्हालाच गंमत वाटेल.

त्या पोराला मात्र त्याचं उत्तर द्या. फिप्सला विचारल्याची नोंद आमच्या तरी वाचनात नाही. पण आज भारतात असा प्रयोग करायचा तर आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या नियमांप्रमाणे आईबापांच्या सहीबरोबर ७ वर्षांपुढच्या मुलाचा स्वतःचा होकारही घ्यावा लागतो. फिप्स ८ चा होता.