माला-डी ठेवणं बंद करू नका, भाऊ

भाऊ, आर्णीकडच्या तुमच्या नव्या मेडिकलमध्ये निरोध आणि माला-डीच्या गर्भनिरोधक गोळ्या पडून राहतात, आशाताई घरपोच देतात तर आपण कशाला ठेवायचं, असं तुम्ही विचारलंय. वाचून राहवलं नाही. समुद्रपूर तालुक्यात दुकान टाकलं तेव्हा मलाही सगळे हेच म्हणत होते. लायसन्स, बिलं तुम्हाला ठाऊकच आहेत, ते सोडते.

ठेवा. पाकिटामागे काही सुटत नाही हे खरं. पण आशाताई गावातलीच, कुणाची जाऊ नाहीतर नणंद. २०११ पासून त्या घरपोच देतात, काम चांगलंच करतात. तरी ज्या सुनेला सासूच्या नकळत गोळी घ्यायची असते, तिला डोकेदुखीच्या गोळीसोबत कागदात गुंडाळून देणारं दुकानच बरं वाटतं. आपल्याकडे अजून ‘दोन लेकरं झाली की ऑपरेशन’ एवढंच चालतं. दोन लेकरांत अंतर कसं ठेवायचं, हे त्या पोरींना कुणी सांगत नाही.

मला सगळ्यात महागात पडलं ते एक कार्यालय. नाव घेत नाही. सवलतीचा माल तिथूनच मिळायचा. घ्यायची तर पूर्ण पेटी, नाहीतर काहीच नाही. पेटी उघडली की मुदत संपत आलेली. परत घ्या म्हटलं तर ‘वरून आदेश नाही’. एका पावसाळ्यात तर साहेब बैठकीला आणि स्टोअरची चावी त्यांच्या खिशात, असंच चालू राहिलं आणि माझ्याकडची माला-डी संपली. एक ताई बाजाराच्या दिवशी यायची, पिशवी काउंटरवर ठेवून हळूच म्हणायची, “काकू, माह्यं ते पाकीट द्या जी.” तिला रिकाम्या हाती परत पाठवावं लागलं, पुढच्या खेपेलाही तेच. नंतर आली तेव्हा कडेवर लहान लेकरू आणि पुन्हा दिवस गेलेले. अजूनही संताप होतो. चावी साहेबांकडे होती, हे त्या बाईला कोणत्या तोंडानं सांगायचं?

१९६८ साली निरोध आला तेव्हा सरकारनं चहा आणि साबण विकणाऱ्या कंपन्यांना हाताशी धरलं. ज्या किराणा दुकानात चहाची पुडी पोचते तिथं निरोधही पोचला, तीन नग १५ पैशांना. कुणाच्या चावीवाचून अडत नव्हतं. म्हणून माझं ठाम मत, एकाच ठिकाणच्या मालावर राहू नका. जिल्ह्याच्या ठिकाणचा एखादा खाजगी स्टॉकिस्ट धरून ठेवा, दोन पैसे जास्त गेले तरी. आणि शेवटची चार पाकिटं उरली की ऑर्डर टाका, संपल्यावर नाही.

निरोध काचेच्या शोकेसमध्ये उन्हात ठेवू नका. आपला मे महिना आणि वर टिनाचं छत, रबर खराब होतं. खालच्या कप्प्यात, भिंतीपासून दूर ठेवा.

मी डॉक्टर नाही, फार्मासिस्ट आहे, तेव्हा हे तेवढ्यापुरतंच घ्या. माला-डी देताना बीपी आहे का, अर्धशिशी आहे का, अंगावर पाजते का, हे हळू आवाजात विचारा. बाळ सहा महिन्यांच्या आतलं आणि अंगावर पिणारं असेल तर माला-डी देऊ नका, उपकेंद्रात ‘छाया’ नावाच्या दुसऱ्या गर्भनिरोधक गोळीबद्दल विचारायला सांगा. छायात हार्मोन नाही. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, मग एकदा घ्यायची. माला-डीच्या पाकिटात शेवटच्या सात गोळ्या लोहाच्या असतात, बऱ्याच जणी त्या फेकतात आणि मग नवं पाकीट कधी सुरू करायचं ते चुकतं. पाकीट हातात धरून बोटानं दाखवा.

संबंधानंतर बहात्तर तासांच्या आत घ्यायची गोळी वेगळी आणि गर्भपाताची वेगळी. दुसरी चिठ्ठीशिवाय कुणालाही देऊ नका, शेजारचा दुकानदार देत असला तरी. रक्तस्राव थांबला नाही तर रात्री त्या बाईला कुठं नेणार?

पोळ्याला आणि दिवाळीला पुण्या-मुंबईकडे कामाला गेलेली माणसं घरी येतात, तेव्हा मागणी वाढते. पोळ्याचा माल मात्र आधीच भरून ठेवा, त्या दिवसांत नाल्याच्या पुलावरून पाणी असतं आणि गाडी येत नाही.