विचारा तर खरं : रिपोर्टमधलं 'के-रास'

प्रश्न : मॅडम, माझ्या वडिलांना (वय ६४) मोठ्या आतड्याचा कॅन्सर आहे, यकृतातही गाठी आहेत. डॉक्टर केमोबरोबर एका महागड्या इंजेक्शनबद्दल बोलत होते. मग गाठीच्या तपासणीचा रिपोर्ट आला, त्यात 'के-रास जी१२डी आढळले' असं आहे आणि आता ते इंजेक्शन उपयोगाचं नाही म्हणतात. हे के-रास काय प्रकरण आहे? आम्हा भावंडांनाही ते असेल का? बाबांना तिखट फार लागायचं, तंबाखूही आहे. त्याने झालं का?
— एक वाचक, मिरज

उत्तर : रिपोर्टचा फोटो जोडलात ते बरं केलंत. तीन पानं, त्यात कामाची ओळ एक, आणि तिचा अर्थ कुठेच नाही. घरच्यांसाठी दोन सरळ वाक्यं छापायला लॅबवाल्यांचं काय जातं, हा माझा जुना राग आहे. असो.

रास हे प्रथिन तुमच्या-आमच्या पेशींत असतंच. ते आजारी माणसाचं खास लक्षण नव्हे. के-रास हा त्यातला एक भाऊ. जेमतेम १८८-१८९ अमिनो आम्लांची साखळी, पेशीच्या पडद्याला आतून चिकटलेली. बाहेरून 'वाढा' असा निरोप आला की तो आत पुढे धाडायचा, हे त्याचं काम. त्याच्या खोबणीत जीटीपी हा छोटा रेणू बसलेला असेल तर निरोप चालू, त्याचाच भाऊबंद जीडीपी असेल तर बंद. दोन्हींत फरक फक्त एका फॉस्फेटचा.

चालू करायचं काम सॉस नावाचं दुसरं प्रथिन करतं. सॉस काही जीटीपी निवडून आत भरत नाही. ते फक्त खोबणी उघडतं, जुनं जीडीपी गळून पडतं, आणि पेशीत जीटीपी साधारण दसपट असल्यामुळे रिकाम्या जागी तेच शिरतं. खरी अडचण बंद करण्यात आहे. जीटीपीतलं एक फॉस्फेट तोडून टाकलं की झालं, पण एकट्या रासला त्यासाठी वीस-तीस मिनिटं लागतात. पेशीला तेवढी सवड नसते. म्हणून 'गॅप' गटातली प्रथिनं मदतीला येतात. ती आपल्या आर्जिनिनचं 'बोट' रासच्या खोबणीत घालतात आणि तेच काम सुमारे लाखपट वेगाने उरकतं. शिवाय निरोप साखळीच्या टोकाला पोचला की तिथलं ईआरके हे प्रथिन उलट सॉसलाच आवर घालतं. एवढा बंदोबस्त एका चिमुकल्या प्रथिनावर!

आता तुमची ओळ. रासच्या साखळीत बाराव्या जागी ग्लायसीन असतं, सगळ्यांत लहान अमिनो आम्ल. गॅपचं बोट त्याला अगदी खेटून आत जातं. हे १९९७ साली रास आणि गॅपच्या स्फटिकाच्या रचनेत दिसलं. बाबांच्या गाठीत त्या जागचं डीएनएतलं 'जीजीटी' हे 'जीएटी' झालंय. एक अक्षर बदललं आणि ग्लायसीनच्या जागी अ‍ॅस्पार्टिक आम्ल आलं. जी१२डी म्हणजे एवढंच. पण ते आकाराने मोठं, त्यामुळे बोटाला नीट जागा मिळत नाही. के-रासचा जोर वाढलेला नाही, त्याचं बंद होणं बिघडलंय.

ते इंजेक्शन पेशीच्या बाहेर, ईजीएफआर या निरोप घेणाऱ्या प्रथिनावर बसून येणारा निरोप अडवतं. इथे निरोप त्याच्या खालूनच सुटतोय, वर दार लावून काय होणार? आतड्याच्या कॅन्सरच्या शंभरांतल्या चाळीसेक रुग्णांत के-रास बदललेलं सापडतं. अशांना ही इंजेक्शनं देऊ नयेत, हे अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००९ मध्येच औषधाच्या माहितीपत्रकात घालायला लावलं. तेव्हा डॉक्टरांनी हात टेकले असं समजू नका. त्यांनी खर्च आणि अंगावर उठणारं पुरळ, दोन्ही वाचवलं. पुढच्या भेटीत एवढं विचारा : बीआरएएफ (निरोपाच्या साखळीतलं, रासच्या खालचं प्रथिन) आणि एमएसआय (गाठीत डीएनएची दुरुस्ती बिघडल्याची खूण) या तपासण्या झाल्यात का? एमएसआय जास्त निघालं तर इम्युनोथेरपीचा, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीला कॅन्सरवर सोडणाऱ्या औषधांचा, मार्ग खुला होतो.

भावंडांचं : हा बदल बाबांच्या आतड्यातल्या पेशीत, त्यांच्या हयातीत झालेला आहे. तो तुमच्याकडे आलेला नाही. पण वडिलांना आतड्याचा कॅन्सर झाला ही गोष्ट वेगळी मोजतात, म्हणून तुमची कोलोनोस्कोपी कोणत्या वयापासून करायची ते डॉक्टरांकडून ठरवून घ्या. तिखटाला दोष देऊ नका. तंबाखूवर इतर पुरेसे गुन्हे सिद्ध आहेत, ती सुटायलाच हवी.

प्रश्न : रासमधला बदल १९८२ पासून माहीत आहे, मग खोबणी बुजवणारं औषध इतकी वर्षं का नाही?
— बीएस्सीची विद्यार्थिनी, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : कारण खोबणीत जीटीपी विलक्षण घट्ट बसतं आणि पेशीत ते मुबलक असतं. त्याला ढकलून बसेल असा रेणू बनवणं जवळजवळ अशक्यच. मग लोकांनी शेपटीवर नेम धरला. रास पडद्याला चिकटतं ते फार्नेसिल नावाच्या तेलकट शेपटीमुळे, तेव्हा ती लावणारं विकरच बंद करू, असं १९९० च्या दशकात ठरलं. रासच्या भावांपैकी एच-रास अडकलं. के-रास आणि एन-रास मात्र दुसरीच शेपटी लावून पडद्यावर हजर! रुग्णांत औषधं पडली.

वाट सापडली २०१३ मध्ये, कॅलिफोर्नियात केव्हन शोकाट यांच्या प्रयोगशाळेत. बाराव्या जागी सिस्टीन आलेलं असेल (जी१२सी), तर त्याच्या शेजारी एक लपलेली फट मिळते. औषध त्या सिस्टीनला कायमचं चिकटतं आणि रासला जीडीपीच्या, म्हणजे बंद अवस्थेत अडकवतं. अशा औषधांतलं पहिलं, सोटोरासिब, मे २०२१ मध्ये अमेरिकेत फुप्फुसाच्या कॅन्सरसाठी मंजूर झालं. वरच्या पत्रातल्या बाबांना ते चालणार नाही, कारण तिथे सिस्टीनच नाही.

आणि गॅपच जन्मतः अधू असेल तर? त्यासाठी न्यूरोफायब्रोमिन या गॅप प्रथिनाबद्दल वाच. ते बिघडल्यामुळे होणारा न्यूरोफायब्रोमॅटोसिस हा आजार सुमारे तीन हजारांत एका मुलाला असतो, अंगावर दूध-कॉफीच्या रंगाचे डाग दिसतात. तिथे रासला हात न लावता साखळीत त्याच्या खाली बसलेलं एमईके हे प्रथिन अडवतात. सेलुमेटिनिब हे त्या मुलांचं औषध २०२० मध्ये आलं.